सभागृहांतील रिकाम्या खुर्च्या

पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या फाटकांतून आंत येणें म्हणजे काय, हें ज्यांनीं अनुभवलें आहे त्यांस सांगावयास नको. आणि ज्यांनीं अनुभवलें नाहीं त्यांस तें सांगून खरें वाटावयाचें नाहीं. जून महिन्यांत पहिली मोठी सर आली कीं बाजाराकडून उतरत येणाऱ्या रस्त्याचें सारें पाणी फाटकापाशीं गोळा होतें. त्यांत मंडईंतील कुजलेला भाजीपाला असतो, मोटारी दुरुस्त करण्याच्या दुकानांतील काळें तेल असतें, आणि रस्ता कोठें संपला व गटार कोठें सुरू झालें हें ओळखण्याचें कांहींच साधन नसतें. पांचवीच्या मुली चपला हातांत घेऊन, भिंतीस हात लावीत, एकीमागून एक अशा आंत येतात. गेल्या तीन पावसाळ्यांत दोन मुलें त्या गटारांत पडलीं. एकाच्या पायास टांके पडले, दुसऱ्याचें दप्तर वाहून गेलें. ह्याहून अधिक कांहीं घडलें नाहीं, हें आमचें नशीब.

ह्या पाण्याविषयीं गांवांत बोलणें थोडें झालेलें नाहीं. पालक आम्हांपाशीं बोलतात, आम्ही पालकांपाशीं बोलतों. घराच्या ओट्यावर, रिक्षांत, चहाच्या दुकानांत, लग्नाच्या पंगतींत हा विषय निघतो, आणि 'ह्या गांवाचें कांहीं व्हावयाचें नाहीं' असें म्हणून प्रत्येक जण आपल्या वाटेस लागतो. ज्या एका जागीं ह्या गोष्टीचा निकाल लागण्याचा संभव, त्या जागीं मात्र कोणी जात नाहीं. आम्हीही पुष्कळ वर्षें गेलों नव्हतों, हें प्रथमच कबूल करतों. ती जागा म्हणजे आपल्या नगरपरिषदेचें सभागृह. २०१८ सालच्या जुलैंत आम्ही तेथें पहिल्यानें गेलों. तेथें काय पाहिलें, पुढें काय घडलें, आणि त्यावरून आमचें काय मत झालें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

आमच्याबरोबर नववीच्या वर्गांतील चार मुली व तीन मुलगे होते. नागरिकशास्त्राचा धडा त्यांस पाठ होता; नगरपरिषदेची सभा मात्र त्यांपैकीं कोणीं पाहिली नव्हती. दारावरील शिपायानें 'काय काम आहे?' म्हणून विचारलें. 'काम कांहीं नाहीं, सभा ऐकावयाची आहे' असें आम्हीं सांगतांच तो गोंधळला. अर्ज घेऊन येणारे त्यानें पुष्कळ पाहिले होते, भांडावयास येणारेही पाहिले होते. नुसती सभा ऐकावयास आलेले बहुधा आम्हीच पहिले. तो आंत विचारून आला व आम्हांस सोडण्यांत आलें. सोडणें भागच होतें. कारण नगरपरिषदेची सभा लोकांस खुली असणें हा नियम आहे, आणि एखाद्या विषयापुरती ती बंद ठेवणें हा अपवाद. प्रेक्षकांकरितां भिंतीला लागून वीस खुर्च्या मांडलेल्या होत्या. एकीवरही माणूस नव्हता. बसण्यापूर्वीं मुलींनीं त्या हातरुमालानें पुसून घेतल्या, तेव्हां रुमाल काळे झाले.

विषयपत्रिकेवर एकतीस विषय होते. ते सव्वा तासांत आटोपले. त्यांतील पाऊण तास एका चौकास कोणाचें नांव द्यावें ह्या एकाच विषयानें खाल्ला. दोन्ही बाजूंचे सभासद उभे राहिले, मेजें वाजलीं, कांहींनीं सभात्याग केला, आणि चहा आला तेव्हां तेच परत आले. मुलांस ह्या भागाची मोठी गंमत वाटली, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. आमच्या गटाराचा क्रमांक सतरावा. लिपिकानें तो वाचला, 'मंजूर, मंजूर' असे दोन आवाज आले, आणि अठरावा विषय पुकारला गेला. शेजारीं बसलेल्या मुलीनें हळूच विचारलें, "सर, झालें?" आम्हांसही वाटलें कीं झालें. दुसऱ्या दिवशीं प्रार्थनेच्या वेळीं गटार मंजूर झाल्याची बातमी आम्हीं स्वतः साऱ्या शाळेस मोठ्या दिमाखानें सांगितली.

पावसाळा सरला, सहामाही परीक्षा झाली. फाटकासमोर कोणीं एक फावडें मारलें नाहीं.

मग आम्हीं माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्याखालीं दहा रुपयांचें तिकीट लावून अर्ज केला, आणि मागील सहा वर्षांतील सभांचीं इतिवृत्तें मागितलीं. दर पानास दोन रुपयेप्रमाणें पैसे भरल्यावर एक जाडजूड गठ्ठा हातीं आला. तो आम्हीं मुलांसह दोन शनिवार दुपारीं बसून वाचला. त्यांत असें आढळलें कीं तेंच गटार सहा वर्षांत तीन वेळां 'सर्वानुमतें मंजूर' झालेलें आहे. भाषा तीच, शुद्धलेखनाची एक चूक होती, तीही तिन्ही ठिकाणीं तीच. म्हणजे पहिल्या दोन ठरावांचें काय झालें हें विचारणारा सभागृहांत कोणी नव्हता, आणि तिसरा ठराव करणारांस पहिले दोन झाल्याची आठवणही नव्हती.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं येथें ठरावाची वाट नीट समजून घ्यावी. ती पाठ्यपुस्तकांत सहसा सांपडत नाहीं. ठराव मंजूर झाला म्हणजे 'हें काम व्हावें' अशी सभागृहानें इच्छा दाखविली, इतकेंच. त्यानंतर अभियंत्यानें जागा मोजून खर्चाचें अंदाजपत्रक करावयाचें. त्यास तांत्रिक मंजुरी मिळावयाची. प्रशासकीय मान्यता व्हावयाची. वर्षाच्या अर्थसंकल्पांत त्या कामाच्या नांवानें रक्कम पडावयाची. मग निविदा, मग ठेकेदारास कार्यादेश, आणि मग कोठें फावडें. ह्या सांखळींतील एक कडी सुटली कीं ठराव जागच्या जागीं राहतो, आणि त्याकरितां कोणासही त्याच्या विरुद्ध मत द्यावें लागत नाहीं. उघड विरोध करणारास लोकांस तोंड द्यावें लागतें. विसरणारास तेंही नको. आमचें गटार तिन्ही वेळां पहिल्याच पायरीवर अडलें होतें. अंदाजपत्रकच झालें नव्हतें. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या कामाची कोणी आठवण देत नाहीं तें फायलींच्या तळाशीं जातें, हा कचेऱ्यांचा स्वभाव आहे, आणि तो इंग्रजांच्या अमदानींतही निराळा नव्हता.

ठराव एकीकडे व काम दुसरीकडे, ह्या प्रकाराचें आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत मोठें उदाहरण गटाराचें नव्हे, तळ्याचें आहे. दोहोंची बरोबरी करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आमच्या फाटकाशीं मुलांचे पाय भिजतात, तेथें माणसांचें माणूसपणच नाकारलें जात होतें. परंतु स्थानिक सभेच्या ठरावांत किती बळ असतें व किती नसतें, हें त्या इतिहासाइतकें स्पष्ट दुसरीकडे कोठें दिसत नाहीं, म्हणून तो येथें सांगतों.

४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेमंडळांत सीताराम केशव बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेलीं वा चालविलेलीं पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने हीं स्थानें अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळीं असावींत, असा त्याचा आशय. त्यास अनुसरून कुलाबा जिल्ह्यांतील महाड नगरपालिकेनें १९२४ च्या आरंभीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा. ठराव चांगला होता; करणारांचें नांव त्यासाठीं घेतलेंच पाहिजे. पण तो पुस्तकांत राहिला. तीन वर्षें झालीं तरी ज्यांच्याकरितां तो केला त्यांपैकीं कोणास त्या तळ्याचें ओंजळभर पाणी घेतां येईना. कागदावरून पाण्यापर्यंतचें तें अंतर सभागृहानें चालून काढलें नाहीं. तें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून हजारों लोकांनीं पायीं चालून काढलें. त्या दिवशीं परिषदेस आलेल्या लोकांवर हल्ले झाले, डोकीं फुटलीं. आणि मागाहून तळें बाटलें म्हणून त्याची शुद्धि करण्यांत आली. गुराढोरांनीं प्यालेलें पाणी ज्यांस चालत होतें त्यांस माणसानें प्यालेलें चालेना!

ह्यापुढचा भाग शाळेंतील मुलांस फारसा ठाऊक नसतो, आणि आमच्या मतें तोच सर्वांत शिकण्यासारखा. ४ ऑगस्ट १९२७ रोजीं त्याच नगरपालिकेनें आपला तो ठराव रद्द केला. बोले ह्यांचा ठराव होऊन त्या दिवशीं बरोबर चार वर्षें पुरीं झालीं होतीं. ठराव करण्यास जेवढीं हातवर मतें लागतात तेवढींच तो मोडण्यासही पुरतात, हें त्या दिवशीं दिसून आलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पुन्हां परिषद भरली, तों प्रतिपक्षानें दिवाणी कोर्टाचा मनाईहुकूम आणला होता. मग दावा चालला, अपिलें झालीं, आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें तळ्याचा प्रश्न अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या बाजूनें निकालांत काढला. १९२३ सालीं पहिला ठराव, १९३७ सालीं शेवटचा निकाल. १९२३ सालीं पाळण्यांत असलेलें मूल ह्या वेळीं आमच्या नववीच्या वर्गांत बसण्याएवढें झालें असेल.

सभागृहांत एकट्या मताचें काय चालणार, असें आम्हांस एका पालकांनीं विचारलें होतें. पुष्कळदां कांहींच चालत नाहीं, हें खरें आहे. १८७६ सालीं जोतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद झाले. १८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन ह्यांच्या स्वागतासाठीं एक हजार रुपये खर्चावे असा विषय नगरपालिकेपुढें आला, तेव्हां हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लागावा म्हणून त्यांनीं विरोध केला. विरोध करणारे ते एकटेच होते. लॉर्ड लिटनसाठीं काय काय सजविलें होतें तें आज कोणाच्या लक्षांत नाहीं. तें एक विरुद्ध मत लोकांच्या लक्षांत आहे.

लॉर्ड लिटन गेले व लॉर्ड रिपन आले. त्यांनीं १८ मे १८८२ रोजीं स्थानिक स्वराज्याचा जो ठराव काढला, त्यांत एक गोष्ट मोकळेपणानें सांगितली होती: ह्या संस्था मुख्यतः कारभार सुधारावा म्हणून नव्हेत, तर लोकांस राजकारणाचें शिक्षण मिळावें म्हणून हव्यात. परकी राज्यकर्त्याच्या तोंडचें हें बोलणें कितपत मनापासून होतें ह्यावर वाद घालतां येईल. बोलणें मात्र खरें आहे. ज्यानें गटाराचा हिशेब मागावयास शिकून घेतलें, तो पुढें कालव्याचा व रेल्वेचा हिशेब मागूं शकतो. ज्यानें तो कधींच मागितला नाहीं, तो दिल्लीच्या कारभारावर कितीही तावातावानें बोलला तरी त्याचें बोलणें वाऱ्यावरचें.

शाळांच्या बाबतींत ह्या शिक्षणाची गरज अधिक आहे, कमी नाहीं. १९११ सालीं नामदार गोखले ह्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें. १९१२ च्या मार्चांत तें तेराविरुद्ध अडतीस मतांनीं पडलें. पुढें १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीनें मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांस आपल्या हद्दींत सक्तीचें शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली, आणि १९२३ च्या कायद्यानें प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळामंडळांकडे आला. तीं शाळामंडळें आतां इतिहासजमा झालीं. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ सालचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि त्यानें सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समित्या आणल्या. समितींत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे, निम्म्या स्त्रिया असाव्या, आणि शाळेचा विकास आराखडा समितीनें करावा, असें कायदा म्हणतो. म्हणजे ज्या आईनें स्वतः शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, तिलाही आपल्या मुलीच्या शाळेंत स्वच्छतागृह कोठें व्हावें हें सांगण्याचा अधिकार आहे. गोखल्यांस १९१२ सालीं हें कोणी सांगितलें असतें तर त्यांस तें स्वप्न वाटलें असतें.

अधिकार आहे, खुर्चीवर कोण आहे?

येथें दुसऱ्यांकडे बोट दाखविण्यापूर्वीं आम्हीं आमच्या अंगणांत पाहणें बरें. आमच्या शाळेच्या पालक-शिक्षक संघाची वार्षिक सभा गतवर्षीं भरली, तेव्हां सातशेंच्या वर पालकांपैकीं एकतीस जण आले. गणवेषाची शिलाई व सहलीची वर्गणी ह्यांवर बोलणें झालें. हिशेब वाचून दाखविला. कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आम्हां शिक्षकांस त्यामुळें हायसें वाटलें. 'सभा शांततेनें पार पडली' असें आम्हीं वृत्तांतांत लिहिलें. हेंच वाक्य नगरपरिषदेच्या इतिवृत्तांत वाचतांना आम्हांस राग आला होता. ज्या सभेंत प्रश्न नाहीं ती सभा शांत नसते, रिकामी असते. आणि ती तशी राहावी ह्यांत आमच्यासारख्या व्यासपीठावर बसणारांची सोय असते.

खेड्यांतून एस. टी.नें येणाऱ्या मुलांच्या पालकांकरितां ग्रामसभेविषयीं थोडें सांगतों. नगरपरिषदेच्या सभेंत प्रेक्षकानें केवळ ऐकावयाचें असतें. ग्रामसभेंत मात्र गांवचा प्रत्येक मतदार हाच सभासद, व त्यास बोलण्याचा हक्क. वर्षांतून निदान चार ग्रामसभा झाल्या पाहिजेत, आणि त्यांपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा झाली पाहिजे. गणपूर्तीस मतदारांच्या शेंकडा पंधरा किंवा शंभर, ह्यांपैकीं जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. इतके न जमले तर सभा तहकूब होते. पुढें तीच तहकूब सभा भरते, तेव्हां गणपूर्तीची अट उरत नाहीं. म्हणजे लोक आले नाहींत म्हणून काम थांबत नाहीं. तें लोकांवांचून होतें. घरीं बसल्यानें आपण सभा मोडली असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा नियम ध्यानांत ठेवावा. ते सभा मोडीत नाहींत, आपलें मत पांच-दहा जणांच्या हवालीं करतात.

आमच्यावर दोन आक्षेप आले. मुलांस राजकारणांत ओढूं नये, हा पहिला. मुलांनीं पक्षाचे झेंडे नाचवूं नयेत हें आम्हांसही मान्य आहे, आणि मिरवणुकीस मुलें पुरविण्याची मागणी शाळेकडे आली असतां आम्हीं ती नाकारलेली आहे. पण आपल्या फाटकासमोरचें पाणी हा कोणत्या पक्षाचा विषय? सभागृहांतील आरडाओरड मुलांच्या कानीं पडते, हें खरें. तथापि मुलें समोर बसलेलीं पाहून आवाज थोडे खालीं आले, हाही आमचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप एका आईचा. त्या मंडईंत भाजी विकतात. आम्ही त्यांस 'आपण सभेस कां येत नाहीं?' म्हणून विचारावयास गेलों, तेव्हां त्या म्हणाल्या, "सर, तुमची सभा अकराला. अकराला माझं गिऱ्हाईक. एक सभा म्हणजे माझा एक खाडा. तो कोण भरून देणार?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. ज्यांस पगारी रजा आहे त्यांस सभेंत रस नाहीं, आणि ज्यांच्या मुली त्या पाण्यांतून येतात त्यांस सवड नाहीं. नगरपरिषदेनें आपली सर्वसाधारण सभा संध्याकाळीं ठेवावी असा अर्ज आम्हीं केला आहे. आमच्या पालक-शिक्षक संघाची सभा मात्र आमच्याच हातांत होती, आणि तीही आम्ही इतकीं वर्षें शनिवारीं सकाळीं अकरालाच घेत आलों होतों! ह्या वर्षापासून ती रविवारीं सायंकाळीं होईल.

आतां गटाराचें पुढें काय झालें तें सांगतों. २०१८ च्या नोव्हेंबरपासून दर सभेस आमच्यापैकीं कोणी तरी जाऊन बसूं लागलें. कधीं पांच मुलें, कधीं दोन, सोबत एखादे पालक. तिसऱ्या खेपेस एका सभासदांचें लक्ष गेलें. 'शाळेचीं मुलें आज पुन्हां आलीं आहेत, त्यांच्या रस्त्याचें अंदाजपत्रक कोठें आहे?' असें त्यांनीं विचारलें, आणि मुख्याधिकाऱ्यांस उभें राहून उत्तर द्यावें लागलें. तीन आठवड्यांनीं अभियंता टेप घेऊन आला. टेपचें दुसरें टोंक आमच्याच एका मुलानें धरलें होतें. फेब्रुवारींतील अर्थसंकल्पांत रक्कम पडली. त्या वर्षाच्या अखेरीस बाजाराच्या कोपऱ्यापासून काम सुरू झालें, आणि शाळेच्या अलीकडे चाळीस पावलांवर येऊन थांबलें. मध्यें पाण्याची जुनी नळवाहिनी लागली होती. ती हलविण्यास नवा ठराव, नवें अंदाजपत्रक हवें होतें. तेवढ्यांत २०२० सालीं करोनाची सांथ आली.

आणि मग तर सभाच राहिली नाहीं. सभागृहाची मुदत संपली. निवडणूक मात्र झाली नाहीं. हें केवळ आपल्याच गांवीं घडलें असें नव्हे. मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजीं संपली, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्त हेच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. आरक्षणाचे व प्रभागरचनेचे वाद न्यायालयांत पडून राहिले, आणि राज्यांतील पुष्कळ नगरपरिषदांची व जिल्हा परिषदांची तीच गत झाली. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी व्हावी असें राज्यघटना सांगते. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनें १९९३ पासून तें कलम अमलांत आहे. प्रशासक कांहीं वाईट माणसें नव्हेत. आपल्या गांवीं आलेल्या एका प्रशासकांनीं दिवे वेळेवर लावविले, कर वसूल केला. परंतु त्यांच्या दालनांत प्रेक्षकांकरितां खुर्ची नव्हती, विषयपत्रिका नव्हती, आणि कोणास उभें करून प्रश्न विचारावयास समोर कोणी सभासदही नव्हता. ह्या वर्षांत गांवांत मोर्चे निघाले नाहींत. सभा बंद आहे म्हणून हळहळणारा माणूसही आम्हांस क्वचितच भेटला. जी वस्तु आपण वापरीतच नव्हतों ती नाहींशी झाल्याचें कळावयास वेळ लागतो.

२०२५ च्या डिसेंबरांत अखेरीस निवडणूक झाली. मतदानाच्या दिवशीं आमच्या शाळेंत केंद्र होतें, आणि आम्ही फाटकाशीं उभे असतां एक तरुणी नमस्कार करून पुढें आली. २०१८ सालीं 'सर, झालें?' म्हणून विचारणारी तीच. आतां ती परिचारिकेचें शिक्षण घेत आहे. मत देण्याकरितां मुद्दाम गांवीं आली होती. बोटावरची शाई दाखवून झाल्यावर तिनें रस्त्याकडे पाहिलें. गटार जेथें थांबलें होतें तेथेंच होतें. त्याच्या तोंडाशीं कोणीं तरी दोन दगड व एक मोडका फळा टाकून ठेवला होता. "अजून चाळीस पावलंच?" ती म्हणाली.

नव्या सभागृहाच्या सभा सुरू झाल्या आहेत. पुढील सर्वसाधारण सभेचा दिवस व तिची विषयपत्रिका मिळतांच ती आम्ही शाळेच्या फलकावर लावूं. दहावीच्या मुलांस परीक्षेमुळें सवड नाहीं. आठवीच्या पांच मुलांनीं व दोन पालकांनीं नांवें दिलीं आहेत. खुर्च्या वीस आहेत, आणि रुमाल सोबत आणावा.